फुगडी चवथीपुरतीच कशाला?

चवथ जवळ आली की आमच्या वाडीत रात्रीचा फुगडीचा सराव सुरू होतो. दिवसभर ‘कंबर धरली गो’ म्हणणारी बाईसुद्धा तिथे गिरक्या घेते. झिम्मा, दंडफुगडी, बसफुगडी, मग गोलातली फुगडी. घाम निथळतो, दम लागतो, हसून हसून पोट दुखतं. पण गणपती पोचवले की सगळं बंद, ते थेट पुढच्या वर्षापर्यंत.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाने ठरवलं, बंद करायचं नाही. हप्ते गोळा झाले, वही मिटली की अर्धा तास खेळायचं. बाकीच्या दिवशी संध्याकाळी तिघी-चौघींनी मिळून सड्यावर फिरून यायचं. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही मिनिटं मोजत नाही, गाणी मोजतो.

कोणी म्हणेल, लावणी करतो, भारे आणतो, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरतो, आम्हाला व्यायाम कशाला? खरं आहे, ज्या राबतात त्यांचं शरीर हलतंच. पण लावणीत तासन् तास वाकून राहिलेली पाठ सरळ कधी होते? आणि आता पाणी नळाला, वाटण मिक्सरवर, बाजार स्कूटरवर. कामाचा शीण राहिला, हालचाल मात्र कमी झाली. साखर आणि बीपीच्या गोळ्या आज घरोघरी दिसतात. गुडघे दुखत असतील तर बसफुगडी नको, उभ्याने टाळ्या देत झिम्मा खेळा. पोटुशी असेल तिने आधी आशाताईंना विचारावं.

आता जेवणाचं. आम्ही एक खेळ काढलाय. दर बैठकीला एकीने घरून भाजी करून आणायची, बाकीच्यांनी डोळे मिटून चाखून ओळखायची. मिरगानंतर तर मजाच असते. टाकळा आणि त्यात फणसाच्या घोट्या, कुर्डू, भारंगी, अळू, कुड्याच्या शेंगा. म्हाताऱ्या बायका पहिल्या घासाला ओळखतात, नव्या सुना फसतात आणि मग हट्टाने शिकतात. गोकुळाष्टमीला आपण आंबोळीबरोबर शेगलाची भाजी करतोच, पण तो पाला एरवीही परसात असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मात्र ओळख पटली नाही तो पाला घरी आणायचा नाही. बागेत तणनाशक मारलं असेल तर तिथला टाकळा कितीही कोवळा दिसो, हात लावायचा नाही.

नाचणीही खेळात आली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. तरी नाचणी म्हणजे गरिबाचं खाणं म्हणून आपणच ती मागे सारली आणि पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. एकीने नाचणीची आंबोळी आणली, दुसरीने गूळ-खोबरं घालून सत्त्व, आणि पोरांनी ताट चाटून पुसून ठेवलं. कुळथाची पिठी तर आपली हक्काची.

हे सगळं कशासाठी? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना, शंभरात 54 जणींना, रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या गटात बसलेल्या दोघींपैकी एक. पालेभाजीवर लिंबू पिळावं, लोह अंगी लागतं. जेवल्या जेवल्या चहा घेऊ नये, तो लोह अडवतो. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर त्या फळीवर ठेवून देऊ नयेत.

आणि ताटाचं काय? मासे वाढताना तुकड्या घरच्यांना, आपल्या वाट्याला कालवणाचा रस्सा आणि टोपाला लागलेला भात, ही आपली जुनी खोड. म्हणून बैठकीत आम्ही एक प्रश्न विचारतो: काल रात्री घरच्यांबरोबर कोण जेवलं? जी जेवली, तिच्या आवडीचं गाणं फुगडीला पहिलं. सुरुवातीला हात मोजकेच वर आले, तेही लाजत. आता पहिल्या गाण्यावरून भांडणं होतात.