आधी श्वास मोजा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा सारांश)



पंचवीस वर्षं एका आवारात राहिलात. शेजारी काय शिजलं ते फोडणीच्या वासावरून ओळखता. पण शेजाऱ्याचा श्वास बिघडला तर ओळखाल का? आज तेवढंच बोलतो.

मी रुग्णवाहिकेवर होतो तेव्हाची गोष्ट. इस्लापूर-किनवट भागात पावसाळ्यात जमिनीवर झोपणारी माणसं पुष्कळ. एका पोराचं पहाटे पोट दुखलं. घरचे म्हणाले, पित्त झालं. मग पापण्या जड झाल्या, तर म्हणाले, झोपू द्या. आम्ही पोचलो तेव्हा श्वास मिनिटाला आठ! मण्यार चावली होती. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पण विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडतात. दवाखान्यापर्यंत अंबू बॅग दाबत नेलं. पोरगं वाचलं. कोणी श्वास मोजला असता, तर दोन तास वाया गेले नसते.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पाहा : छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. पूर्ण मिनिट मोजा. मोठ्या माणसाचे शांत असताना १२ ते २० असतात. मोजतोय हे रुग्णाला सांगू नका, श्वास बदलतो. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरा.

ऐका : एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतं का? दोन शब्दांवर थांबत असेल, घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज असेल, तर थांबू नका.

रंग बघा : ओठ, जीभ, नखं निळसर म्हणजे धोका.

दम लागलेल्याला आडवं पाडू नका, बसू द्या. शुद्ध नसेल पण श्वास नीट चालू असेल, तर कुशीवर वळवा. पाणी पाजू नका. हाक मारूनही हलत नाही आणि मधूनच आचका देतो, तो श्वास समजू नका. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरानं दाबत राहा.

त्याआधी कोणाला तरी १०८ लावायला सांगा. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, फोनला पैसे लागत नाहीत. पण गाडी रात्री घर शोधत फिरते! म्हणून संचालक मंडळाला एकच विनंती : रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून फाटकावर दिवा आणि प्रत्येक घरावर मोठ्या अक्षरात क्रमांक लावा.