उतरलेले साहित्य हेही देवाचेच धन
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



जीर्णोद्धार या शब्दात जीर्णाचा उद्धार आहे, नाश नाही. देऊळ उतरवताना निघालेला घडीव दगड, सागाची तुळई, वीट, कौल हा राडारोडा नव्हे. वाडवडिलांनी घाम गाळून जमवलेले ते धन आहे.

जुना चिरा पुन्हा बसवला की डोंगराला तेवढा सुरुंग कमी लागतो. तुळई तासून वापरली की तेवढे सागाचे लाकूड रानात उभे राहते. वीट वाचली तर शेतातील माती व भट्टीचे इंधन वाचते. सिमेंटचा मूळ माल म्हणजे क्लिंकर. तो एक टन तयार होताना सुमारे ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उलट पाडकामाचा राडा ओढ्यात लोटला तर पात्र भरते आणि पावसाळ्यात पाणी शेतात शिरते.

काही देणगीदारांना वाटते, जुनेच लावले तर आमचा पैसा गेला कुठे? शंका रास्त आहे. तिला उत्तर एकच, चोख हिशेब. रोकडवहीप्रमाणेच साहित्याचीही नोंदवही असावी. चिरे किती निघाले, किती लागले, उरले ते कोठे ठेवले, हे ग्रामस्थांपुढे वाचून दाखवावे. वाचलेला पैसा कशास लागला तेही सांगावे.

दगडावर उतरवण्यापूर्वीच क्रमांक घालावेत. आस्वान धरणामुळे बुडणारी इजिप्तमधील अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून, हजारावर तुकड्यांना क्रमांक घालून, सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जशीच्या तशी जोडली गेली. मग गावच्या सभामंडपाला ते का जमू नये?

मात्र डोळे मिटून सारेच वापरू नये. चुन्यातील वीट सहज साफ होते. सिमेंटमधील बहुधा फुटते, ती जोत्याच्या भरावास घालावी. वाळवी लागलेले लाकूड व तडा गेलेला दगड भाराच्या जागी लावू नये. वीरगळ, कोरीव शिळा फोडू नयेत. त्या आवारात मानाने उभ्या कराव्यात.

उतरवण्यास चार दिवस जास्त लागतील, मजुरीही वाढेल. पण ती मजुरी गावच्याच हातांना मिळेल आणि आजोबांनी झिजवलेल्या पायरीवरून नातवंडे दर्शनास जातील. ही सद्बुद्धी सर्वांना लाभो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.