लहानपणची आकडी आणि वैमानिकाचा परवाना

शाळा संपवीत आलेल्या एखाद्या मुलानें वा मुलीनें "मला वैमानिक व्हावयाचें आहे" असें म्हटलें, कीं घरांत बहुधा आनंदच होतो. परंतु कांहीं घरांत हे शब्द ऐकतांच आईबाप एकमेकांकडे पाहतात आणि गप्प बसतात. मूल दोन वर्षांचें असतांना त्याला तापांत आकडी आलेली असते. किंवा सातव्या-आठव्या वर्षीं दोनचार झटके येऊन गेलेले असतात व त्यानंतर कांहीं वर्षें गोळ्या चाललेल्या असतात. आज मूल धडधाकट आहे. मग विसरलेली गोष्ट उकरून काढावयाची कशाला, असें त्यांना वाटतें. माझें उत्तर मी आरंभींच सांगून ठेवतों. ती गोष्ट सांगितलीच पाहिजे. आणि पुष्कळदां तीच नीट सांगितली असतां मुलाचा मार्ग मोकळा होतो.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आकडी आली म्हणजे अपस्मार जडला, असें नव्हे. सहा महिने ते पांच वर्षें या वयांत शंभर मुलांपैकीं दोन ते पांच मुलांना ताप चढतांना आकडी येते. अशा साध्या आकडीनंतर पुढें अपस्मार जडण्याचा संभव इतर मुलांहून थोडासाच अधिक असतो. दुसरा एक प्रकार शाळकरी वयांत दिसतो. झटका बहुधा झोपेंत येतो, चेहऱ्याची एक बाजू ओढली जाते, वाचा कांहीं क्षण बंद पडते. आणि वय वाढून तारुण्य येतां येतां हा विकार आपोआप मावळतो. तिसऱ्या प्रकारांत मेंदूस झालेला संसर्ग, डोक्यास लागलेला मार, किंवा रक्तांतील साखर उतरणें असें एखादें तात्कालिक कारण सांपडतें. आणि चौथा तो खरा चिवट अपस्मार, ज्यांत उघड कारणावांचून झटके पुनःपुन्हा येतात व मोठेपणींही पाठ सोडीत नाहींत. लोकांच्या बोलण्यांत या चारींना मिळून 'फिट' हा एकच शब्द आहे. वैद्यकशास्त्राला तो पुरत नाहीं, आणि वैमानिकांच्या परवान्याचा विचार करणाऱ्यांनाही पुरत नाहीं.

आतां नियम काय आहे तें पाहूं. १९४४ सालीं शिकागो येथें नागरी विमानवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पहिल्या परिशिष्टांत वैमानिकांच्या प्रकृतीच्या अटी दिलेल्या आहेत. प्रवासी विमान चालविणारास पहिल्या वर्गाचें वैद्यकीय प्रमाणपत्र लागतें. आणि ज्याला अपस्मार असल्याचें सिद्ध आहे, किंवा ज्याची शुद्ध हरपली पण कारण समाधानकारकपणें उलगडलें नाहीं, त्याला तें मिळत नाहीं. शेवटचे शब्द लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. नुसत्या झटक्याइतकीच न उलगडलेल्या कारणाचीही येथें अडचण आहे.

ही कठोरता कोणत्याही तिरस्कारांतून आलेली नाहीं; ती हिशेबांतून आलेली आहे. अनेक देशांतील वैमानिकवैद्य एक माप वापरतात. वैमानिक एकाएकीं निकामी होण्याचा धोका वर्षाला शंभरांत एकाहून अधिक नसावा. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ठोकळमानानें दहा हजार. तेव्हां तासाला हा धोका दहा लाखांत एक इतका होतो. उड्डाण आणि अवतरण हे खरे बिकट क्षण. ते तासाचा सुमारें दहावा हिस्सा धरले, तर धोका एक कोटींत एक होतो. शेजारीं दुसरा वैमानिक असतोच. शंभरांत एखाद्याच प्रसंगीं त्याला विमान सांवरतां येणार नाहीं असें धरलें, तर अपघाताचा संभव शंभर कोटींत एकावर येतो. एवढ्या बारीक तागडींत जेथें तोलावयाचें, तेथें "आतां कांहीं त्रास नाहीं" एवढ्यानें भागत नाहीं. शिवाय वैमानिकाच्या नोकरींत रात्रीचीं जागरणें आहेत, अवेळीं झोप आहे. आणि ज्याला झटक्यांची प्रवृत्ति आहे त्याला जागरण हेंच मोठें निमित्त होतें.

तरी पण दार सर्वस्वीं बंद नाहीं. युरोपांतील नियम कडक आहेत. तेथें पांचव्या वर्षानंतर आलेला झटका सामान्यतः अपात्र ठरवितो. परंतु बालपणींचा तो आपोआप मावळणारा विकारच होता असें निःसंशय सिद्ध झालें, आणि दहा वर्षांहून अधिक काळ झटका नाहीं व औषधही नाहीं, तर विचार होऊं शकतो. अमेरिकेंत झटके कोणत्या वयांत सुरू झाले, कसे व किती आले, कशानें आले, औषधावांचून किती वर्षें स्वास्थ्य टिकलें, हें पाहून क्वचित् विशेष अनुमति दिली जाते. आपल्याकडे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे वैद्यकीय अधिकारी निर्णय देतात. त्यांच्यापुढेंही कोणता झटका, कोणत्या वयांत, कशानें, आणि त्याला किती वर्षें झालीं, हेच प्रश्न असतात.

या प्रश्नांचीं उत्तरें कोठें असतात? तीं बहुधा पंधरा वर्षांपूर्वींच्या रुग्णालयाच्या कागदांत असतात, आणि नेमके तेच कागद घरांत ठेवलेले नसतात. त्याला कारण आहे. आपल्या समाजांत या विकाराची लाज फार खोल गेलेली आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतही वेडाच्या जोडीला अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहाला बाध आणणारा दोष म्हणून लिहिलेला होता. तो शब्द १९९९ सालीं वगळण्यांत आला. मुलीचें लग्न मोडेल या भीतीनें ज्या घरांनीं कागद जाळले, त्यांना आपण दोष कसा द्यावा? पण त्या कागदांबरोबर "ही केवळ तापांतली आकडी होती" असें सांगणारा एकमेव साक्षीदारही जळाला. मागें राहतें तें "लहानपणीं कांहींतरी झालें होतें" हें आजीचें वाक्य. आणि उलगडा न झालेल्या घटनेला, आपण पाहिलेंच, नियम सर्वांत कमी सवलत देतो.

लपवून चालेल काय? अर्जावर पूर्वीच्या झटक्यांविषयीं स्पष्ट विचारलेलें असतें, आणि खालीं सही करावी लागते. खोटी माहिती उघडकीस आली, तर परवाना जातो, नोकरी जाते, आणि पुढें शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. उघडकीस न आली, तर त्या माणसानें मागें बसलेल्या दीडदोनशें प्रवाशांना न विचारतां त्यांच्या जिवावर पैज लावलेली असते. यांतलें दुसरें मला अधिक भयंकर वाटतें.

म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. मुलाला आकडी आली असेल, तर त्या वेळचे कागद, तपासण्या, मेंदूचे आलेख आणि औषध केव्हां बंद झालें त्याची तारीख जपून ठेवा. बारामतीस, गोंदियास किंवा अन्यत्र उड्डाण शिकावयास पाठविण्यापूर्वीं, लाखों रुपये भरण्यापूर्वीं, पहिल्या वर्गाची तपासणी करून घ्या. व्यवसायाच्या परवान्याला २०० तासांचें उड्डाण लागतें, आणि तो खर्च झाल्यावर आलेला नकार घर बुडवितो. मेंदूविकारतज्ज्ञाकडून विकाराचें नेमकें नांव लिहून आणा. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. झटक्यांचें औषध चालू असतांना हा परवाना मिळत नाहीं हें खरें. पण म्हणून परवान्याच्या ओढीनें गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नका. तो जिवाशीं खेळ आहे.

एवढें करूनही कित्येकांना नकार येईल. तो मुलाच्या अंगच्या गुणांना आलेला नकार नव्हे, हें त्याला घरच्यांनींच सांगितलें पाहिजे. विमानतळावरील मनोऱ्यांतून मार्गदर्शन करणाऱ्यांनाही जवळजवळ हीच अट आहे; परंतु विमानाची रचना, हवामानशास्त्र, उड्डाणाची आंखणी हीं क्षेत्रें उघडीं आहेत, आणि विमान आकाशांत जातें तें त्यांच्याही बळावर. मुलाला खरें सांगून त्याचें एक स्वप्न कदाचित् मोडेल. खोटें सांगून तें मिळविलें, तर प्रत्येक उड्डाणाच्या वेळीं तो आपल्याच देहाला भिऊन बसेल. या दोहोंतून निवडावयाचें झालें, तर आईबापांनीं कपाट उघडून ते जुने कागद मुलाच्या हातीं द्यावेत.