परदेशीं मुक्काम, स्वदेशीं पगार

नोकरी म्हणजे कचेरी आणि कचेरी म्हणजे ठराविक गांवांतली ठराविक खुर्ची, हें समीकरण २०२० सालच्या महामारीनें मोडलें. घरीं बसून संगणकावर काम होतें असें एकदां सिद्ध झाल्यावर तें घर पुण्यांतच कां असावें, लिस्बनमध्यें किंवा दुबईंत कां नसावें, हा प्रश्न तरुण मंडळींच्या मनांत येणें स्वाभाविक होतें. कित्येक राष्ट्रांनींही ही संधि ओळखली. बार्बाडोसनें जुलै २०२० मध्यें आणि एस्टोनियानें लगेच ऑगस्टमध्यें अशा फिरत्या कामकऱ्यांसाठीं स्वतंत्र व्हिसा काढला. पुढें क्रोएशिया, पोर्तुगाल, स्पेन, थायलंड यांनीं आपापलीं दारें किलकिलीं केलीं. त्या दारांतून आंत कसें जावें हें सांगणारे आज पुष्कळ आहेत. आंत गेल्यावर कर कोणाला द्यावयाचा, याचा विचार मात्र बहुधा नोटीस हातीं आल्यावरच सुरू होतो. म्हणून मी आज या दुसऱ्या प्रश्नाला अधिक वेळ देणार आहें.

व्हिसा आणि कर हीं दोन अगदीं निराळीं खातीं आहेत. राहण्याची परवानगी देणारा अधिकारी वेगळा आणि कर मागणारा वेगळा. एकाच्या सहीनें दुसरा बांधला जात नाहीं. एस्टोनियानें २०१४ सालीं 'ई-रेसिडेन्सी' नांवाचें एक ओळखपत्र काढलें. त्याच्या नांवांत रहिवास असला तरी त्यानें त्या देशांत राहण्याचा हक्क मिळत नाहीं आणि तो मनुष्य तेथील करदाता रहिवासीही ठरत नाहीं. घरबसल्या तेथें कंपनी काढतां व चालवितां येते, इतकेंच. उलट, क्रोएशिया आपल्या या विशेष पाहुण्यांच्या बाहेरून येणाऱ्या पगारावर कर घेत नाहीं. परंतु क्रोएशियानें सोडला म्हणून भारत सोडील, असें मात्र कोणीं समजूं नये.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. समजा, पुण्यांतील एक संगणक-अभियंता आपल्या कंपनीची परवानगी घेऊन एक वर्ष पोर्तुगालमध्यें राहूं इच्छितो. प्रवाशाच्या व्हिसावर युरोपच्या शेंगेन प्रदेशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें, आणि तो व्हिसा पर्यटनासाठीं असतो, कामासाठीं नव्हे. तेव्हां त्याला २०२२ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला पोर्तुगालचा 'डी-८' व्हिसा घ्यावा लागेल. त्याची मुख्य अट अशी कीं, मालक किंवा गिऱ्हाइकें पोर्तुगालबाहेरचीं असावीं आणि मासिक प्राप्ति तेथील किमान वेतनाच्या चौपट असावी. २०२५ सालीं तें किमान वेतन ८७० युरो होतें. म्हणजे दरमहा ३,४८० युरोंची प्राप्ति दाखविणें भाग होतें. आपल्या चलनांत हे तीन लाखांच्या वर जातात. पुण्यांतल्या पुष्कळ चांगल्या नोकऱ्या येथेंच गळतात, हेंही सांगून ठेवलेलें बरें.

आमचा अभियंता या चाळणींतून पार पडला आणि ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं विमानांत बसला, असें धरूं. पुढल्या वर्षीं १ नोव्हेंबरला तो कायमचा परत आला. पूर्ण एक वर्ष तो भारताबाहेर होता. त्याची स्वतःची समजूत अशी कीं, आपण वर्षभर 'अनिवासी' होतों. आतां कायद्याची समजूत पाहूं.

आपलें करवर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असें चालतें. पहिल्या करवर्षांत एप्रिल ते ऑक्टोबर असे २१४ दिवस तो भारतांत होता. १८२ किंवा अधिक दिवस भारतांत राहिलेला मनुष्य त्या वर्षाचा रहिवासी. म्हणून तो रहिवासीच. दुसऱ्या करवर्षांत नोव्हेंबर ते मार्च मिळून १५१ दिवस होतात. हा आंकडा १८२ पेक्षां कमी आहे, म्हणून सुटलों, असें वाटतें. पण कायद्यांत दुसरी एक कसोटी आहे : त्या वर्षीं ६० दिवस आणि त्यामागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतांत काढले असतील, तरीही मनुष्य रहिवासी होतो. नोकरीसाठीं देश सोडून जाणाऱ्या भारतीय नागरिकाला ६० ऐवजीं १८२ दिवसांची सवलत आहे खरी. परंतु ती ज्या वर्षीं तो देश सोडतो त्या वर्षापुरतीच. परदेशीं असलेला नागरिक नुसता भेटीसाठीं येतो तेव्हांही सवलत आहे. हा तर बाडबिस्तरा घेऊन परतला आहे. तात्पर्य, दोन्हीं वर्षें तो भारताचा रहिवासी, आणि रहिवाशाच्या जगभरच्या प्राप्तीवर भारत कर आकारतो. हीं कलमें १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यांतलीं. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख दिलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यानेंही दिवसांची ही मोजणी कायम ठेवली आहे.

तोच मनुष्य ऑगस्टअखेर निघाला असता तर त्याचे १५३ दिवस भरले असते आणि पहिल्या वर्षीं तो अनिवासी ठरण्याचा संभव होता. मात्र जुनीच भारतीय नोकरी खांद्यावर घेऊन जाणें हें 'नोकरीसाठीं देश सोडणें' होतें काय, यावर अधिकारी वाद घालूं शकतो. तिकीट काढण्यापूर्वीं पंचांग पाहण्याची आपली जुनी रीत आहे. या कामीं करवर्षाचें कॅलेंडर पाहणें अधिक उपयोगी पडेल.

इकडे पोर्तुगालचें काय? तेथील नियम असा कीं, कोणत्याही बारा महिन्यांत १८३ दिवसांहून अधिक राहिलेला मनुष्य रहिवासी. म्हणजे एकच माणूस एकाच वेळीं दोन देशांचा रहिवासी झाला! अशा पेंचासाठींच दुहेरी कर टाळण्याचे करार असतात, आणि भारत-पोर्तुगाल यांच्यांत तसा करार आहे. प्रथम पाहावयाचें तें हें कीं, कायमचें घर कोठें आहे. दोन्हींकडे असल्यास संसाराचे व पैशाचे धागे कोठें अधिक गुंतलेले आहेत. मग नेहमींचा वास. आणि शेवटीं नागरिकत्व. त्याची बायकामुलें पुण्याच्या घरीं असतील तर पारडें बहुधा भारताकडे झुकेल. तरीसुद्धां काम प्रत्यक्ष जेथें केलें आणि जेथें इतका मुक्काम झाला, त्या देशाचा त्या पगारावर पहिला हक्क राहतो. पोर्तुगाल कर घेईल आणि भारत त्याची वजावट देईल. पण आपल्या कराच्या रकमेपुरतीच. पोर्तुगालचे चढते दर ४८ टक्क्यांपर्यंत जातात. म्हणजे दोन करांपैकीं जो मोठा, तो खिशांतून जावयाचा. शिवाय पुण्याची कंपनी दरमहा पगारांतून कर कापीत राहते. वजावटीचा परतावा विवरणपत्र भरल्यावर मिळतो. मधल्या काळांत दोन्हीं सरकारांचें देणें एकाच पगारांतून भागवावें लागतें. घरभाडें, विमा आणि मुलांची फी यांचा हिशेब मांडून गेलेल्या कुटुंबाची ओढाताण होते ती नेमकी येथें. २०२३ पर्यंत पोर्तुगालांत नवागतांना कराची एक मोठी सूट होती. २०२४ पासून ती नव्या लोकांना बंद झाली. जुनीं माहितीपत्रकें वाचून बेत आंखणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

गोमंतकांतील श्रोत्यांच्या मनांत एक निराळाच विचार आला असेल. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीं तेथें जन्मलेल्या अनेकांनीं आणि त्यांच्या मुलांनीं पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवून घेतलें आहे. त्यांना व्हिसाचा प्रश्न उरत नाहीं; मात्र भारतीय नागरिकत्वाला त्यांना मुकावें लागतें, कारण आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. आणि कर तर पासपोर्ट पाहून नव्हे, मुक्काम पाहून लागतो. अमेरिका हा याला ठळक अपवाद.

दुबईची गोष्ट सोपी वाटते. परक्या मालकाचें काम करणाऱ्याला तेथें वर्षभराचा व्हिसा मिळतो. मासिक वेतन ३,५०० डॉलर दाखवावें लागतें. आणि व्यक्तीच्या पगारावर कर नाहीं. पण २०२० च्या अर्थसंकल्पानें एक कलम आणलें : ज्या भारतीय नागरिकाची परदेशी उत्पन्न वगळून प्राप्ति १५ लाखांहून अधिक आहे, आणि ज्याच्यावर कोणत्याच देशांत कर लागत नाहीं, तो भारताचा मानीव रहिवासी. त्या वेळीं आखातांतल्या मराठी वस्तींत मोठी घबराट उडाली. ती बरीचशी अनाठायीं होती. असा मानीव रहिवासी 'सामान्य रहिवासी' नसतो. त्याच्या परदेशांतील प्राप्तीवर, ती भारतांतून चालविलेल्या धंद्याची नसेल तर, कर लागत नाहीं. सरकारनेंही २ फेब्रुवारी २०२० रोजीं तसा खुलासा केला होता.

थायलंडचा २०२४ च्या जुलैंतला व्हिसा पांच वर्षांचा आहे, आणि एका खेपेस १८० दिवस राहूं देतो. गंमत अशी कीं, एका वर्षांत १८० दिवस राहिलेला मनुष्य तेथें करापुरता रहिवासी होतो! यजमानानें ताट वाढावें आणि शेवटच्या घांसाबरोबर बिल ठेवावें, तशांतला हा प्रकार.

मालकाची बाजू थोडक्यांत सांगतों. नोकर परदेशीं बसून कंपनीच्या वतीनें करार ठरवूं लागला, तर त्या देशांत कंपनीचेंच ठाणें आहे असें मानून तिच्या नफ्यावर कर मागितला जाऊं शकतो. म्हणून कंपनीला न सांगतां दुसऱ्या देशांतून काम करणें हा केवळ शिस्तीचा प्रश्न राहत नाहीं. परवानगी लेखी घ्यावी, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयाकडून मिळणाऱ्या संरक्षण-प्रमाणपत्राची चौकशी निघण्यापूर्वींच करावी. तें मिळाल्यास, ज्या देशाशीं आपला सामाजिक सुरक्षेचा करार आहे, तेथें पुन्हां वर्गणी भरावी लागत नाहीं. पोर्तुगालशीं असा करार २०१७ पासून अंमलांत आहे.

शेवटीं बँकेचें खातें. परकीय चलनाचा १९९९ चा कायदा 'अनिवासी' हा शब्द प्राप्तिकराच्या अर्थानें वापरीत नाहीं. तो हेतु पाहतो. नोकरीसाठीं किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्यानें देश सोडला कीं, त्याच दिवसापासून मनुष्य त्या कायद्यानें अनिवासी होतो, मग प्राप्तिकराच्या कचेरींत तो रहिवासी कां असेना. अशा वेळीं बचत खातें 'एनआरओ' खात्यांत बदलून घ्यावें लागतें. त्यासाठीं पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशांतील पत्त्याचा पुरावा बँकेंत दाखवावा लागतो, आणि तो अर्ज बँकेंत समक्ष जाऊन द्यावयाचा तर निघण्याच्या आठवड्यापूर्वीं वेळ काढलेला बरा.