तक्रार समितीवर विद्यार्थी कोणाचे?

विशाखा निकाल १९९७ चा. त्यानंतर १९९९ साली दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात लैंगिक छळविरोधी समिती उभी राहिली. तक्रार ज्यांच्यापुढे न्यायची त्यांत विद्यार्थ्यांनी निवडलेले प्रतिनिधी होते, हे तिचे बळ. २०१७ साली प्रशासनाने ती मोडून अंतर्गत तक्रार समिती नेमली. वास्तविक विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम विद्यार्थ्यांच्या प्रकरणी तीन निर्वाचित विद्यार्थी सदस्य सांगतात. तृतीयपंथी विद्यार्थ्यांची असुरक्षितताही मान्य करतात. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध २०१८ पासून गुन्हा उरलेले नाहीत. पण वसतिगृहातील कुचेष्टा निकालपत्राने थांबत नाही. तिथे समुपदेशक हवा, दाद मागण्याची जागा हवी. कार्यकर्त्यांनी आपापल्या महाविद्यालयात विचारावे : समितीवरचे विद्यार्थी निवडलेले की नेमलेले?