गोमंतकातील पोथ्या

१५१० मध्ये गोमंतक पोर्तुगीज अमलाखाली गेल्यावर राजसत्ता आणि धर्मपीठ यांची हातमिळवणी होऊन १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे जमीनदोस्त झाली, देशी पोथ्यांवर गदा आली, आणि १६८४ च्या फर्मानाने तर रयतेने तीन वर्षांत कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम सोडला. मिशनऱ्यांपैकीच फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचून १६१६ मध्ये छापविले, त्यांच्या भाषाप्रेमाचे ऋण मी मानतो. परंतु नष्ट झालेल्या ग्रंथांची भरपाई त्याने होत नाही. याउलट बडोद्यात सयाजीराव महाराजांनी हस्तलिखिते जमवून १९१६ पासून प्राच्य ग्रंथमाला प्रसिद्ध करविली. आपल्या माळ्यावर जुनी पोथी असेल, तर ती बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात अवश्य दाखवावी.