लक्ष्मीबाई आमच्या बचत गटात

आज कर्ज-हप्त्याचं नाही, पुस्तकांचं बोलू.

आमच्या गटात हिंदू, बौद्ध, मुस्लिम आणि आम्ही काही ख्रिस्ती बाया आहोत. आमच्या ख्रिस्ती घरांत बायबल आणि गीतांचं पुस्तक असतंच. पण बरेचदा पाळकसाहेब वाचतात आणि आम्ही ऐकतो. स्वतः पान उलटून वाचायची सवय थोड्याच जणींना.

ती सवय लागावी म्हणून आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हाती घेतलं. शाळेचं शिक्षण जवळपास नसलेल्या बाईनं लिहिलेलं हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात निघालं. त्यांचे यजमान कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई लगेच मागं गेल्या नाहीत. काही वर्षं दूर राहिल्या, रडल्या, भांडल्या, सोवळं पाळत राहिल्या. मग हळूहळू त्यांनाच वाटू लागलं की जात देवानं नाही, माणसानं केली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानं ठरवलं म्हणून नव्हे, स्वतःला पटलं तेव्हा.

आम्हाला हेच फार मोलाचं वाटलं. हे काही संतांचं चरित्र नाही. घरात पैसा नाही आणि नवरा हातातलं दुसऱ्याला देऊन मोकळा, हे वाचून आमच्या बाया पोट धरून हसल्या. "आमच्याच घरचं लिवलं वो बाई!" एक मावशी म्हणाल्या.

आता मंडळीच्या कारभाराचं. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, दोघांनाही तिथं जागा होती. म्हणजे श्रद्धा पक्की ठेवूनही आपल्या मंडळीला प्रश्न विचारता येतो. आमच्याकडेही सणाला स्वयंपाक बायांचा आणि निर्णय पुरुषांचा, असं किती दिवस चालायचं?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण त्याच्याही पुढचं. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सामान्य बाईला समजावं म्हणून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायांनीच ते छापायचं काम केलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पण पुस्तक राहिलं.

गावात कुणी तरी म्हणालं, "गटात धर्माची पुस्तकं कशाला?" प्रश्न रास्त होता. आम्ही बैठकीत बसून ठरवलं आणि ठरावाच्या वहीत लिहिलं: गटात कुणीही कुणाच्या धर्माचा प्रचार करायचा नाही. पण बाईनं लिहिलेलं तिचं आयुष्य, ती कोणत्याही धर्माची असो, वाचायचं. लक्ष्मीबाईंनंतर बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' घ्यायचं, हेही सगळ्यांनी मिळून ठरवलं.

मैत्रिणींनो, बचत जमा झाली की पंधरा मिनिटं काढा. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी मधेच थांबवून विचारावं. पासबुक असो, ठराव असो की धर्मग्रंथ, दुसरा सांगतो म्हणून अंगठा उठवायचा नाही. आधी वाचायचं, समजून घ्यायचं, मगच हो म्हणायचं.